नववीपर्यंतची आवृत्ती

महाड,
हनुमान जयंतीचा दुसरा दिवस, २००१

चि. देवव्रत यास कमलाकरचे आशीर्वाद. (वयाच्या नात्याने द्यावे लागतात म्हणून दिले आहेत. मनापासूनचे वेगळे असतात, ते सध्या शिल्लक नाहीत.) तुझी कंबर कशी आहे? सौ. ईराचा खोकला थांबला का? नसेल तर ज्येष्ठमध चघळायला सांग. पुण्यात ज्येष्ठमधाच्याही चार आवृत्त्या मिळत असतील, तर तिला नीट विचार करून घ्यायला सांग, तुला विचारून नको. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. माझा रक्तदाब तेवढा वर गेला आहे, आणि तो कोणी नेला हे सांगायलाच कागद पुढे ओढला आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू “हो भावोजी, हो भावोजी” म्हणत दुसऱ्याच कोणाचं तरी काम टाइप करत असतोस. तो कटकटाट मला इथे ऐकू येतो. पत्र वाचताना माणसाला निदान पत्रच वाचावं लागतं.

तुला आठवत नसणार म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुझी सख्खी बहीण सुमेधा उमरठच्या वरच्या अंगाला एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. (हे आठवत असेल अशी आशा.) शाळा नववीपर्यंत. नववी झाली की मुलगे पोलादपुरात कोणाच्या तरी पडवीत राहून दहावी करतात, नाहीतर मुंबईला काकाकडे जातात, आणि मुली घरी राहतात. राहतात म्हणजे राहतातच. सुमेधा लग्नाआधी तुझ्या मागे अभ्यासासाठी जशी लागायची तशीच ती दहावीच्या वर्गासाठी जिल्ह्याच्या मागे लागली आहे. यंदा एकदाचं पत्र आलं की शिमगा झाल्यावर तपासणी समिती येईल, शाळा पाहील आणि ठरवेल. त्याच आठवड्यात सेजलची आई चंद्रभागा शाळेत आली. सेजल नववीतली, गणितात अशी की फळ्यावर सुमेधाची चूक झाली तर हात वर करायच्या आधी हसते. चंद्रभागा दाराशीच उभी राहून म्हणाली, “बाई, आवंदा वर्ग झाला तर झाला. नाय झाला तर मी हिला भांडुपला भावाकडे धाडनार. त्यांच्याकडं पोर लहान हाय, सांभाळायला कोन नाय.” सुमेधा त्या संध्याकाळी घरी येऊन जेवली नाही. मी जेवलो, पण मलाही आमटी गोड लागली नाही.

आता या सगळ्यात संगणक कुठून आला? तो मुंबईहून आला, एसटीच्या टपावरून, गोधडीत गुंडाळून. गावच्या मुंबई मंडळाचा सुनील आहे ना, लोअर परळला कुठल्याशा कचेरीत असतो, त्याने तिथला काढून टाकलेला संगणक शाळेला भेट दिला. हार घातला, नारळ फोडला, सेजलकडून स्वागतगीत म्हणवून घेतलं. मग सुनीलने भाषण केलं. “सर, पीस एकदम टकाटक हाय. फक्त ऑफिसचा सॉफ्टवेअर नाय त्याच्यात, तो तुम्ही डालून घ्या. आनि कमिटी येनार तर प्रेझेंटेशन पायजे. कागद आजकाल कोन नाय बघत. स्लाइड शो! एकेक पोरगी किती किलोमीटर चालते, पडद्यावर दाखवा ना, कमिटी खल्लास!” टाळ्या पडल्या आणि सगळी सभा वळून माझ्याकडे पाहू लागली. का, तर माझ्या टंकलेखन वर्गात गेल्या दिवाळीपासून एक संगणक आहे. तो मी का घेतला, तर टंकयंत्रावर बसायला पोरं येईनात म्हणून. मी त्यावर पत्रं टाइप करतो, आणि ती बंद कशी करायची हे दर वेळी नव्याने शोधतो. पण ज्याच्या परसात विहीर आहे त्याला पोहता येतं असं लोक धरूनच चालतात. मीही (इथे माझा दोष आहे, पण तुझ्यापेक्षा पुष्कळ लहान) मान हलवली.

आणि मग मी तुला फोन केला. बाजारपेठेतल्या बूथवरून, मागे रांग, काचेच्या खोपटात उकडून माझा शर्ट पाठीला चिकटलेला. विचारलं, देवव्रत, या ऑफिसच्या संचाच्या म्हणे पुष्कळ आवृत्त्या असतात, आमोदच्या दुकानात सगळ्या आहेत, कुठली घेऊ? तू काय म्हणालास? तू म्हणालास, “कुठलीही घ्या भावोजी, आत सगळं सारखंच असतं.” आणि कटकट, कटकट, कटकट.

सारखंच असतं! देवव्रत, त्या खोक्यांच्या पाठीवर एक तक्ता छापलेला आहे. त्या कंपनीचं नाव लिहून मी माझं पेन विटाळत नाही, पण तो तक्ता मला आता झोपेतही म्हणून दाखवता येईल. वर आवृत्त्यांची नावं: स्टँडर्ड, स्मॉल बिझनेस, प्रोफेशनल, प्रीमियम आणि एक स्टुडंट. डावीकडे आतल्या कार्यक्रमांची नावं. मध्ये बरोबरच्या खुणा. आता कार्यक्रमाचं नाव ‘पत्र लिहिणे’, ‘आकडेमोड’, ‘पडद्यावर दाखवणे’ असं असावं की नाही? तसं एकही नाही. सगळी नावं अत्तराच्या बाटल्यांवर असतात तशी. पत्र लिहायचा कार्यक्रम सगळ्यांत आहे, आकडेमोडीचा सगळ्यांत आहे. टपालाचा स्टुडंट सोडून सगळ्यांत. (विद्यार्थ्याला कोण पत्र पाठवणार, असा त्यांचा विचार असावा.) हँडबिलं छापायचा कार्यक्रम स्टँडर्डमध्ये नाही, तो स्मॉल बिझनेसमध्ये आहे. माहितीचं कोठार करायचा प्रोफेशनलमध्ये आहे. प्रीमियममध्ये तर इतकं काय काय आहे की ते घेणाऱ्याला दुसरं काही काम करायला वेळच मिळू नये. मी दुकानात उभा राहून चष्मा वर-खाली करत तो तक्ता वाचला आणि कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. खुणा मोजल्या. स्टँडर्डपेक्षा स्मॉल बिझनेसला खुणा जास्त होत्या, आणि किमतीत ती प्रोफेशनलच्या पुष्कळ खाली होती. शिवाय नाव आपल्या मापाचं. शाळा लहान, काम लहान. घेतली.

(आमोद माझाच विद्यार्थी. तीसच्या वेगाची परीक्षा बोटांकडे बघत बघत दिली आणि तरी पास झाला. त्याने दुकानात मला खुर्ची दिली, उसाचा रस मागवला, खोकं पिशवीत घालून दिलं, पण “काका, तुम्हाला करायचंय काय?” हा एक प्रश्न काही विचारला नाही. विचारलं असतं तर हे पत्र तुला आलं नसतं, त्यामुळे तू त्याचाही राग करू शकतोस.)

शाळेत जाऊन मी खोक्यातली सीडीची तबकडी आत घातली. पडद्यावर एक पोपट आला. हो, पोपट. पंख फडफडवून त्याने विचारलं, आपला व्यवसाय कोणता? सुमेधा म्हणाली, “शिक्षण लिहा.” लिहिलं. पोपट म्हणाला, व्हिजिटिंग कार्ड बनवायचं का? नाही म्हटलं. गिऱ्हाइकांची यादी बनवायची का? नाही. सेलचं हँडबिल? मी अख्खी दुपार स्लाइड शो शोधला. सगळ्या खिडक्या उघडल्या, सगळ्या बंद केल्या, काही बंद होईनात तेव्हा वीज बंद केली. स्लाइड शो नव्हता. आमोदने मग तक्त्यात बोट ठेवून दाखवलं. तो कार्यक्रम स्टँडर्डमध्ये आहे, प्रोफेशनलमध्ये आहे, प्रीमियममध्ये आहे, स्टुडंटमध्येसुद्धा आहे, आणि स्मॉल बिझनेसमध्ये, फक्त स्मॉल बिझनेसमध्ये, नाही! लहान धंदेवाल्याने कोणाला काही दाखवू नये, हँडबिलं वाटावीत आणि गप्प बसावं, असं सातासमुद्रापार कोणीतरी बसून ठरवलं आहे.

बदलून दे म्हटलं. तर सील फोडलं. बरं, वरची आवृत्ती घेतो म्हटलं. तर वर जायचा पास स्टँडर्डवाल्याला मिळतो, स्मॉल बिझनेसवाल्याला नाही, त्याने पुन्हा तळापासून सुरुवात करायची. मग स्टुडंट दे. आमोद म्हणाला, “काका, त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं पत्र लागतं.” मी म्हटलं, शाळेचं देतो. तो म्हणाला, “कंपनीच्या यादीत दहावीपासूनच्या शाळा धरतात.” देवव्रत, तू हे दोनदा वाच. दहावीची परवानगी मिळवायला स्लाइड शो पाहिजे, स्लाइड शोला स्टुडंट आवृत्ती पाहिजे, आणि स्टुडंट आवृत्तीला दहावी पाहिजे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी वर्गावर गेलो आणि स्वतःला प्रवेश दिला. थट्टा करत नाही. माझा टंकलेखन वर्ग सरकारमान्य आहे. मी नावनोंदणी केली, ओळखपत्रावर फोटो चिकटवला, विद्यार्थी म्हणून सही केली आणि प्राचार्य म्हणून खाली प्रतिस्वाक्षरी केली. आमोदने कार्ड बराच वेळ धरलं. मग नम्रपणे म्हणाला, “काका, दोन्ही सह्या सारख्याच दिसतायत.” मी म्हटलं, गुरुशिष्यांचं अक्षर जुळतं. तो हसला, पण आवृत्ती दिली नाही.

त्या दिवशी त्याने मला एक गोष्ट सांगितली, बहुधा माझी समजूत काढायला. म्हणाला, “काका, खरं सांगू? सगळ्या खोक्यांत तबकडी एकच असते. सगळे कार्यक्रम तिच्यावर असतातच. फक्त आपण जो नंबर टाकतो त्याप्रमाणे काही उघडतात, काही बंद राहतात.” म्हणजे स्लाइड शो माझ्या तबकडीवर होता! मी पैसे मोजून घरी आणला होता, आणि त्याला त्यांनी कुलूप लावून ठेवलं होतं! हे ऐकून मला जे वाटलं ते टपालखात्यातून पाठवण्यासारखं नाही.

शेवटी आमोदलाच दया आली. त्याने प्रोफेशनलची काही दिवस चालणारी फुकट आवृत्ती माझ्या वर्गातल्या संगणकात घालून दिली आणि स्लाइड कशी करायची ते दाखवलं. सुमेधाने मजकूर लिहिला, मी टाइप केला. एकेक मुलगी, तिची वाडी, तिची वाट, पावसाळ्यात कुठला ओढा आडवा येतो, नववीनंतर तिच्या आधीच्या मुली कुठे गेल्या. देवव्रत, काम चांगलं झालं होतं. मी सहसा स्वतःच्या कामाला चांगलं म्हणत नाही. सगळं एका फ्लॉपीवर घेतलं आणि, आता नीट वाच, पुन्हा बूथवर जाऊन तुला फोन केला. विचारलं, ही फ्लॉपी शाळेतल्या संगणकात उघडेल ना? तिथे दुसरी आवृत्ती आहे. तू म्हणालास, “उघडेल की! फाइल कुठेही उघडते.” कटकट, कटकट.

समिती आली. तीन साहेब, त्यांतले मोठे साहेब उन्हाने लाल झालेले, मानेवर ओला रुमाल. मुलींनी रांगोळी काढली होती, सुनील मुंबईहून खास आला होता, टाय लावून. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला. मी फ्लॉपी घातली. पडद्यावर चौकोन आले, देवव्रत. नुसते चौकोन, ओळीच्या ओळी. चंद्रभागा पुढे वाकून म्हणाली, “मास्तर, ही पोरींची नावं हायत?” सुनील म्हणाला, “हँग झाला वाटतं सर, रिस्टार्ट मारा.” रिस्टार्ट मारला. पोपट आला. समितीसमोर पंख फडफडवून विचारू लागला, सेलचं हँडबिल बनवायचं का?

सुमेधाकडे मी एकदा पाहिलं. तिने फक्त पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला, आणि मग माझं जे काही झालं ते झालं. मी समिती विसरलो. खुर्ची मागे पडली ती तशीच राहिली. मी त्या पोपटाकडे बोट दाखवून तक्ताच म्हणायला लागलो. स्टँडर्डमध्ये काय आहे, स्मॉल बिझनेसमध्ये काय नाही, प्रोफेशनलवाल्याला काय मिळतं, स्टुडंटला कोणाची चिठ्ठी लागते, सगळं, एका दमात. म्हटलं, साहेब, तबकडी एकच आहे! सगळं तिच्यावर आहेच! कोणाला किती उघडायचं हे दुसराच कोणीतरी लांब बसून ठरवतो! आणि ही शाळा तरी वेगळी आहे का? या पोरींच्या डोक्यात दहावी आहे, अकरावी आहे, पुढचं आहे ते सगळं आहे, पण यांना नववीपर्यंतची आवृत्ती दिली आहे! नंबर तुमच्या खिशात आहे, आणि आम्ही इथे पोपटाशी बोलतोय!

गोधडीमागे कुठेतरी कोंबडा ओरडला. मोठ्या साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, “दहावीसाठी खोली आहे का?” सुमेधा म्हणाली, “आहे.” “शिक्षक?” “आहेत.” “मग त्या गोधड्या काढा आधी, जीव गुदमरतोय. आम्ही खोली बघायला आलोय. हे यंत्र दाखवा म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?” मी सुनीलकडे पाहिलं. सुनील टाय सैल करत होता.

साहेबांनी खोली पाहिली. खिडकीची कडी लावून बघितली, फळ्यावर बोट फिरवलं. मग नववीच्या वर्गात गेले आणि विचारलं, दहावी इथेच झाली तर कोण कोण बसेल? सगळे हात वर. दाराशी चंद्रभागाचा पण हात वर. सेजल लाजून कुजबुजली, “आये, हात खाली घे.” चंद्रभागा म्हणाली, “का गो? मला सातवीतनं काढली. साहेब, मागं एक बाक रिकामा हाय, मी मोजलाय.” मोठे साहेब हसले. उन्हात आल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ताक मागितलं.

गेल्या आठवड्यात परवानगी आली. सुमेधाने पत्र माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच होती ती, पुन्हा घासली. चंद्रभागा शाळेत येऊन पेढे देऊन गेली. भांडुपच्या भावाला तिने काय कळवलं ते मला ठाऊक नाही, पण सेजलचं नाव दहावीच्या पटावर पहिलं आहे. म्हणजे सगळं चांगलं झालं, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. चांगलं झालं ते तुझ्यामुळे नाही, तुझ्या सल्ल्याला न जुमानता झालं. तो संगणक अजून शाळेत आहे, तो पोपट अजून त्यात आहे, आणि माझ्या वर्गातल्या संगणकावरची फुकटची प्रोफेशनल आवृत्ती मुदत संपल्यामुळे बंद झाली. त्या मुलींच्या वाटांचे सगळे तक्ते त्या फ्लॉपीत आहेत आणि ते आता या महाडात कोणालाही उघडत नाहीत. यापुढे तू मला कुठल्याही यंत्राबद्दल, मिक्सर धरून, काहीही सांगू नयेस. सांगितलंस तरी मी ऐकणार नाही. इतकं सांगून हे भांडण माझ्या बाजूने पूर्ण करतो. वडिलांना नमस्कार सांग. सौ. ईराला आशीर्वाद, तिचे खरे आहेत.

तुझा,
(नात्याने, दुसरा इलाज नाही म्हणून)
कमलाकर

ता. क. परवानगीच्या पत्राबरोबर समितीच्या शेऱ्याची प्रत आली, ती वर सांगायची राहिली. त्यात खोलीबद्दल एक ओळ आहे, शिक्षकांबद्दल एक, आणि मग असं आहे: “शाळेस संगणकाच्या विविध प्रणालींचा सखोल अभ्यास असलेले तज्ज्ञ श्री. कमलाकर यांचे मार्गदर्शन उपलब्ध आहे. त्यांनी दहावीच्या विद्यार्थ्यांस जूनपासून संगणक शिकवावा.” मी सुमेधाला म्हटलं, हे कसं शक्य आहे? ती म्हणाली, “अहो, तेवढं बोललात तुम्ही त्या दिवशी. त्यांना काय, मलासुद्धा वाटलं की तुम्हाला येतं.” आणि तिने वेळापत्रक करून टाकलं. सोमवार आणि गुरुवार, मधल्या सुट्टीनंतर.

ता. क. २. तर मे महिन्यात तू इकडे ये. चांगला पंधरा दिवस ये. सुमेधाला सांग की आंबे खायला आणि सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात कंबर शेकायला आलो. रोज सकाळी मी तुला कुंडावर नेतो असं सांगून आपण वर्गावर जाऊ, दार आतून लावून घेऊ, आणि तू मला सगळं शिकव. फाइल बंद कशी करायची इथपासून. आणि त्या वेळी तुझे हात माझ्या संगणकावर नव्हे, तर मांडीवर असले पाहिजेत. याबद्दल ईराला कळलं तर चालेल, ती कोणाला सांगत नाही. सुमेधाला कळता कामा नये.

ता. क. ३. आंबे यंदा कमी आहेत, पण तुझ्यापुरते झाकून ठेवीन. आणि एक तातडीचं, याचं उत्तर मेपर्यंत थांबणार नाही. परवा सेजल शाळेतल्या त्या संगणकासमोर बसली होती. तिने मला विचारलं की कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात वर ती ‘Esc’ लिहिलेली एकटीच एक कळ आहे, ती कशासाठी? टंकयंत्राला तशी कळ नसते. मी तिला सांगितलं की तो भाग जूनमध्ये घेणार आहोत. ती हसली, हात वर न करता. ती कळ कशासाठी असते ते उलट टपाली कळव.